तीन नंबरचं बूच

आमच्या बोटवाल्यांच्या संघटनेचे सचिव परवा घरी आले. चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "तुझे साडू या महिन्यात काम थांबवतायत. शनिवारी छोटासा निरोप समारंभ ठेवलाय. तू घरचा माणूस, चार शब्द लिहून आण." मी बरं म्हणालो. दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "फक्त ते बुचांचं काढू नकोस हं. झालं गेलं. उगाच चार लोकांत त्यांना वाईट वाटायचं."

बुचांचं सोडून माझ्या साडूबद्दल लिहायचं म्हणजे न्हाव्याबद्दल केसांचं सोडून लिहायचं. तरी बसलोय लिहायला, आणि हे काही चार शब्दांत आटोपणार नाही. आधीच सांगून टाकतो: या माणसाचा मी गेली एकोणीस वर्षं हेवा करत आलोय. थोडाथोडका नाही. त्याचं कौतुक कुणी सुरू केलं की माझ्या पोटात दुखायला लागतं, आणि त्याचं कौतुक लोक उठताबसता करत असतात, त्यामुळे माझं पोट असं कधी बरं नसतंच.

साडू म्हणजे काय, हे ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. दोन बहिणींचे दोन नवरे. रक्ताचं नातं नाही, आपण निवडलेली मैत्री नाही, पण तुलना मात्र जन्मभराची. त्याची बायको थोरली, नात्याने माझी आकडसासू, पण मी तिला ताईच म्हणतो. माझी धाकटी. म्हणून तो थोरला जावई आणि मी धाकटा, आणि सासूबाईंच्या बोलण्यात 'थोरले' या शब्दाला जे वजन असतं ते ऐकून माझं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात डोकं फिरलं.

त्या महिन्यातलीच गोष्ट. सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो, दोन्ही हात शाबूत. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, थोरले आले की करतील." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिवसभर इंजिनं खोलणारा माणूस मी, मला नळ जमणार नाही? उठलो, पाना लावला, जोर केला, आणि नळ मुळासकट माझ्या हातात आला. पाण्याचा फवारा थेट सासूबाईंच्या अंगावर. मुख्य कॉक कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात तो आला. दारामागच्या झाडूचा दांडा घेतला, खिशातल्या चाकूने टोक तासलं, पाइपात घातलं, वरून दोन ठोके. पाणी बंद. सासूबाई डोक्यापासून पायापर्यंत निथळत होत्या आणि त्याच्याकडे असं बघत होत्या, जसं माझ्याकडे त्यांनी आजवर कधी बघितलेलं नाही. मी पाना हातात धरून उभा होतो.

तेव्हापासून हे असं आहे.

तो दिसायला काही खास नाही, हे मुद्दाम लिहितो. बुटका, किडकिडीत, हत्यारांच्या पिशवीने एक खांदा कायमचा खाली गेलेला. कानावर पेन्सिल, तिचं मागचं टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालेलं. त्याची बोटी दुरुस्त करायची शेड धक्क्याच्या टोकाला, जिथं बोटी पाण्यातून वर ओढतात तिथं. वर पत्रा, खाली लाकडाचा भुसा, खिडकीच्या एका काचेच्या जागी प्लायवुडचा तुकडा. दुसऱ्यांच्या बोटींची गळती बुजवणाऱ्या माणसाने स्वतःची खिडकी बारा वर्षं तशीच ठेवली आहे. फळी विकत घ्यायच्या आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो, कान लावतो, आणि कधी कधी नुसतीच मान हलवून परत ठेवतो. लोक याला कसब म्हणतात. मी बरीच वर्षं याला नाटक म्हणत होतो.

आणि त्याला पोहता येत नाही. तीस वर्षं बोटींत काढली, पण कमरेच्या वर पाणी आलं की हा माणूस कठडा धरतो. हे मला कळलं तेव्हा आठवडाभर मला फार बरं वाटत होतं.

आता बुचांचं. माझी बोट लाकडी आहे, पंचवीस माणसांची. खाडीच्या या धक्क्यावरून त्या धक्क्यावर दिवसाला आठ फेऱ्या. बोटीला मुद्दाम पाडलेली भोकं असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेणारं एक, पंपाचं पाणी बाहेर टाकणारं एक, अशी माझ्या बोटीला पाच. प्रत्येकावर पितळी कॉक आणि त्याला पाइप. तो कॉक कधी तुटला, तर भोक उघडं पडतं आणि खाडी आत यायला मोकळी होते.

साडूची पद्धत अशी, की बोट दुरुस्तीला आली की काम कुठलंही असो, जाताना प्रत्येक भोकाशेजारी तो एक लाकडी बूच दोरीने बांधून ठेवायचा. मऊ लाकडाचं, गाजरासारखं निमुळतं, त्याच भोकाच्या मापाने तासलेलं. मऊ लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि आणखी घट्ट बसतं. तापवलेल्या खिळ्याने त्यावर नंबर डागलेला. माझ्या बोटीत इंजिनाच्या पाण्याचं भोक सगळ्यात खाली आणि सगळ्यात मोठं, त्याचं बूच तीन नंबर. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. तो विचारायचाही नाही. बांधून मोकळा.

मी त्याची चेष्टा म्हणून त्याला 'बूचवाले' म्हणायला सुरुवात केली. धक्क्यावर चार लोकांत म्हणालो, "आले बघा बूचवाले." लोक हसले. महिन्याभरात सगळे त्याला तेच म्हणायला लागले, पण आदराने. "बूचवाल्यांना दाखवून घे." "बूचवाल्यांनी हात लावलाय, मग काळजी नाही." शिवी म्हणून दिलेला शब्द त्याला पदवी होऊन बसला. माझं नशीब हे असं.

गेल्या वर्षी बंदराचे तपासनीस बोट तपासायला आले. इंजिन बघितलं, ठीक म्हणाले. ते इंजिन मी चार रविवार खपून खोलून जोडलं होतं, त्यावर एक शब्द नाही, नुसतं ठीक. मग खाली वाकून त्यांनी बुचं बघितली आणि उजळलेच. "हे कुणाचं काम?" मी सांगितलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोट तुमची, पण डोकं त्यांचं, काय?" आणि हसले. आमची तिकीटवाली मावशी हसली. मीही हसलो.

त्याच दुपारी बोट रंगवायला काढली होती. आत उतरलो, सुरी घेतली आणि पाचही दोऱ्या कापल्या. बुचं रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि डबा घरी माळ्यावर नेऊन ठेवला. फेकून द्यायची छाती झाली नाही, हेही लिहितो. मनाशी म्हटलं, रंग वाळला की परत बांधू. रंग दोन दिवसांत वाळला. आठ महिने गेले.

त्या दिवशी सकाळची दहाची फेरी होती. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पलीकडच्या दवाखान्यात झालं होतं, म्हणून आमची ही आणि ताई दोघी बोटीवर होत्या. साडूही होता, पलीकडे त्याचं काम होतं. बाकी वीस प्रवासी. वरच्या अंगाला पूर येऊन गेला होता आणि खाडीत लाकडं वाहून येत होती. काही अर्धी बुडालेली, जेमतेम पाठ दिसणारी. अशा दिवसांत चालवणाऱ्याने मान वळवायची नसते.

मी मान वळवली. मागे साडू काहीतरी सांगत होता आणि सगळी बोट हसत होती. आमची हीसुद्धा, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती असं हसली होती ते मी आठवायला लागलो. तेवढ्यात डाव्या बाजूला खालून धप्प झालं. बोट थरारली, इंजिन चालूच राहिलं. ओंडका मागे निघून गेलेला दिसला. मला वाटलं, घासून गेला.

दोनेक मिनिटांनी तिकीटवाली मावशी शांतपणे म्हणाली, "अहो, माझ्या चपला तरंगतायत."

ती चपला बाकाखाली काढून ठेवते. मी इंजिनाचं झाकण उचललं. आत पाणी गुडघ्याच्या वर आलेलं, काळं, तेलाचा तवंग घेऊन गोल फिरणारं. माझी पाचावर धारण बसली. पहिला विचार एकच आला, भरधाव सोडायची आणि धक्का गाठायचा. मी वेग वाढवलाही.

"कमी कर," साडू मागून म्हणाला. ओरडला नाही. "वेगात जास्त पाणी ओढतेय ती. तुझ्या डावीकडे चिखलाचा उथळ पट्टा आहे ना? धक्का सोड, तिकडे तोंड कर. सावकाश."

त्याचं खरं होतं. हे मला माहीत असायला हवं होतं, माहीत होतंही. मग तो लोकांकडे वळला. "सगळ्यांनी जॅकेट चढवा आणि उजव्या बाजूला सरका. उभं राहायचं नाही, बसल्या बसल्या सरका. डावी बाजू जरा वर येऊ दे." लोक मुकाट्याने सरकले. माझ्या बोटीवर लोक माझं इतकं कधी ऐकत नाहीत, तिकीट काढा म्हटलं तरी वाद घालतात.

मी पंप चालू केला. तो दोनदा गुरगुरला आणि थांबला. जाळीत तिकिटांचे तुकडे, केस, चिंध्या. जाळी साफ करायचं काम कुणाचं, तर माझं. मोबाइलवरून धक्क्यावर कळवलं. दुसरी बोट निघाली आहे म्हणाले, वीस मिनिटं. पाणी चढत होतं त्या हिशेबाने आमच्याकडे वीस मिनिटं नव्हती.

साडू इंजिनाच्या खड्ड्यात उतरला. पाणी त्याच्या कमरेला लागलं. पोहता न येणारा माणूस त्या काळ्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून चाचपडत होता आणि मी वरून टॉर्च धरला होता. "तीन नंबर," तो म्हणाला. "कॉक मुळातून गेलाय. शेजारची फळीही चिरलीय." आणि त्याचा हात सवयीने भोकाच्या जरा वर गेला, जिथं बूच बांधलेलं असायला हवं होतं. तिथं बोटभर दोरीचं टोक होतं. सरळ कापलेलं. कुजून तुटलेली दोरी हाताला वेगळी लागते, हे त्याला कळत नाही असं कोण म्हणेल?

त्याने वर बघितलं. माझ्याकडे. टॉर्च माझ्या हातात होता, तरी माझं तोंड त्याला स्पष्ट दिसलं असणार.

मग त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि एक बूच काढलं. तीन नंबर. "ताईला म्हणावं स्कार्फ दे," एवढंच बोलला. बायकोला तोही माझ्यासमोर ताईच म्हणतो. स्कार्फ बुचाला गुंडाळला, पाण्याखाली भोकात बसवला, लाकडी हातोडीने ठोकला. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहितो. सुटलो असं नाही वाटलं. मला वाटलं, हा माणूस झोपतानाही खिशात बूच ठेवत असणार, आणि मला त्याचा रागच आला.

भोक बंद झालं, पण चिरलेल्या फळीतून पाणी येतच होतं. बाकावरची गादी तिच्यावर दाबली, गादीवर एक फळी, आणि वल्हं आडवं घालून इंजिनाच्या बैठकीला टेकू दिला. तो ते पाठीने रेटून धरून उभा राहिला, आता पाणी छातीला. मावशी आणि आमची ही बादल्यांनी पाणी उपसत होत्या. हिचे हात सोलवटले होते. ती थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, आता काय करू?"

भाऊजी! बोट माझी, बायको माझी, चार पावलांवर मी सुकाणू धरून उभा, आणि ही विचारतेय त्याला. बोट बुडत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"त्याला विचार," साडू म्हणाला. "बोट त्याची आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इंजिनाच्या काट्याकडे बघितलं. पाणी आत घेणारं भोकच बंद केलेलं, तेव्हा इंजिन तापत चाललं होतं. बंद केलं तर उथळ पट्टा गाठता येणार नाही, चालू ठेवलं तर जळेल. आणि मला सुचलं. इंजिनाला पाणीच हवं ना? मग आतलंच पाजू. मावशीच्या चहाच्या पिशवीतली गाळणी घेतली, कॉकपासून सुटलेल्या पाइपच्या तोंडाला तारेने बांधली, कचरा आत जाऊ नये म्हणून, आणि पाइप बोटीतल्या पाण्यात सोडला. इंजिन आतलं पाणी ओढायला लागलं आणि मागून बाहेर फेकायला लागलं. काटा खाली आला. पाणी वाढायचं थांबलं. मग पेरापेराने उतरायला लागलं.

"शाब्बास," साडू खालून म्हणाला. त्याचे ओठ गारठून निळे पडले होते.

सात मिनिटांनी बोट चिखलात चढली आणि तिरकी होऊन थांबली. धक्क्यावरची बोट आली, सगळे उतरले, कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सासूबाईंनी डोळ्यावरच्या पट्टीसकट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थोरले होते म्हणून." त्याने लगेच सांगितलं, "नाही हो, इंजिनाची युक्ती याची. ती नसती तर माझं बूच कुणाच्या कामाचं होतं?" खरं तेच सांगितलं त्याने. तेही मला सहन झालं नाही.

तिसऱ्या दिवशी बोट वर ओढली होती. तेच तपासनीस आले, बरोबर सचिव. आत वाकून बघितलं, आणि विचारलं, "गेल्या वर्षी इथं बुचं होती. कुठं गेली? ती जागेवर असती तर एवढं पाणी आत आलंच नसतं." मी तोंड उघडलं होतं, हे मी स्वतःला अजून सांगत असतो. पण माझ्या आधी तो बोलला.

"मी काढली होती. नवी करून लावायची होती. राहून गेलं."

"तुमच्याकडून?" तपासनीस म्हणाले.

"माझ्याकडून."

त्यांनी लिहून घेतलं: दुरुस्ती करणाऱ्याचा निष्काळजीपणा. मी मूग गिळून गप्प बसलो. संध्याकाळपर्यंत धक्क्यावर बातमी पसरली. लोक हळहळले, मग हळूहळू बोलायला लागले. "वय झालं." "एवढा जपणारा माणूस, पण चुकलाच शेवटी." हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मी एकोणीस वर्षं थांबलो होतो. आता ते चार जणांच्या तोंडून ऐकलं, आणि लाज सोडून सांगतो, दोन दिवस मला गोड वाटलं. जेवण जास्त गेलं. 'बूचवाले' म्हणताना लोक आता जरा हसत होते, जसं हसावं म्हणून मी तो शब्द काढला होता. तो काम थांबवेल तेव्हा मोठा समारंभ करायचं ठरलं होतं; त्याने याच महिन्यात थांबवायचं ठरवलं आणि त्याचा छोटा समारंभ झाला.

मग मी ताईचा स्कार्फ परत द्यायला गेलो. हिने तो तीनदा धुतला होता तरी तेलाचा डाग राहिला होता. ताई एकटीच घरी होती, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने स्कार्फ घेतला, डाग बघितला, आणि म्हणाली, "राहू दे, बुचाला गुंडाळायला होईल." हसली, मग सहज बोलून गेली. "एक विचारू? तुमच्या बोटीवर यायचं असलं की हे आठवणीने ते बूच खिशात घालतात. दुसऱ्या कुणाच्या बोटीवर जाताना नाही. गेले सात-आठ महिने बघतेय मी. धुवायला पँट टाकताना काढून ठेवावं लागतं ना. मी विचारलं तर म्हणाले, असू दे. तुमच्यात काही पैज लागली होती का?"

मी पैज नाही म्हणालो. पाणी मागितलं. ते प्यायलो की नाही ते आठवत नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. रंग वाळल्यावर कधीतरी आत वाकला असेल, कापलेली टोकं बघितली असतील. आणि ज्याला पोहता येत नाही तो माणूस आठ महिने माझ्या बोटीत बसत राहिला, खिशात तीन नंबर घेऊन, आणि माझ्याच बायकोला हसवत राहिला.

मी तसाच शेडवर गेलो. तो हत्यारं पुसून खोक्यात भरत होता. मला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता, आणि तो कुणाचा आला होता ते मला नीट सांगता येणार नाही.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?" मी दारातूनच ओरडलो. "आणि त्या तपासनिसाला खोटं का सांगितलंत? मोठेपणा मिरवायला?"

त्याने पटाशी पुसून ठेवली. दुसरी उचलली. मग म्हणाला, "ती बुचं मी तुला विचारून बांधली होती का?"

"नाही."

"तपासनीस तुझ्या इंजिनाबद्दल काय बोलले होते?"

"ठीक म्हणाले."

"मावशीने सांगितलं मला, काय काय झालं ते. चार रविवार घालवलेस तू त्या इंजिनावर, मी बघत होतो की." त्याने कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. "बोट तुझी. मी न विचारता तिच्यात हात घातला. सासूबाईंकडेही तेच केलं, नळाच्या वेळी. तू पाना घेऊन उभा होतास, तुला म्हणायला हवं होतं, तू धर, मी तासतो. सुचलं नाही. नंतर लक्षात आलं, पण तोवर तू माझ्याशी धड बोलेनासा झाला होतास."

एकोणीस वर्षांपूर्वीचा नळ याला आठवत होता.

"मग परत बांधायची होतीत," मी म्हणालो. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"परत न विचारता?" तो म्हणाला. "आणि विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, कसली बुचं? म्हणून आपलं एक खिशात ठेवलं." मग जरा थांबून, "तिथं चुकलं माझं. माणसं होती बोटीत. बोलायला हवं होतं. म्हणून निष्काळजीपणा लिहिला तो काही अगदीच खोटा नाही. आता विचारतो. बांधू का?"

मी नको म्हणालो. घरी गेलो, माळ्यावरून डबा काढला, परत आलो. "मी बांधतो. गाठ तेवढी दाखवा." आम्ही वर ओढलेल्या बोटीत उतरलो. त्याने टॉर्च धरला, मी चार बुचं चार जागी बांधली, आणि तीन नंबरच्या जागी त्याच्या खिशातलं, जे पाण्यात फुगून अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. दुसरी गाठ मी चुकलो. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि मला परत करू दिली.

आता तुम्हाला वाटेल, माझा हेवा गेला. गेला नाही. उलट वाढला. पूर्वी मला त्याच्या हाताचा हेवा वाटायचा, आता आणखी मोठ्या गोष्टीचा वाटतो, आणि ती काही चार रविवार खपून जमण्यासारखी नाही. शनिवारी मी हे वाचलं की लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतील आणि माझ्याकडे बघायचंही टाळतील. तपासनीस समोरच्या रांगेत असतील, माझा परवाना त्यांच्या हातात आहे. टाळ्या ऐकताना माझ्या पोटात दुखेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आज सकाळी हिला हे सगळं वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "भाऊजींना आधी दाखवू नका. ते तुम्हाला वाचू देणार नाहीत." मग माझ्याकडे बघत राहिली आणि उठून इस्त्रीचा शर्ट काढायला गेली.

डब्यातलं जुनं तीन नंबर माझ्याकडे उरलं आहे. त्याला कापलेली दोरी अजून तशीच आहे. शनिवारी सभेला जाताना ते मी खिशात घालून नेणार आहे.